पंचवीस रुपये पोटगी आणि एका मंत्र्याचा राजीनामा : शाहबानो प्रकरण, इंदूरहून बघताना

भंवरकुआंच्या एका क्लासमध्ये मी एमपीपीएससीच्या, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या पोरांना राज्यव्यवस्था शिकवते. राज्यघटनेतलं समान नागरी कायद्याचं कलम ४४ आलं की शाहबानो येतेच, तलाक दिलेल्या नवऱ्याकडे पोटगी मागत सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली मुस्लिम बाई, आणि दर बॅचला मी आधी हेच सांगते की बाबांनो हे दिल्लीचं प्रकरण नाही, हे आपल्या इंदूरचं आहे, इथल्याच कोर्टात पहिला अर्ज पडला होता. निम्म्या पोरांना ते माहीतच नसतं. ह्या वेळी क्लास सुटल्यावर रामबागेतला एक मराठी मुलगा थांबला आणि म्हणाला, "मॅडम, तो निकाल फिरवणाऱ्या कायद्यावरून राजीव गांधींच्या सरकारातले मंत्री आरिफ मोहम्मद खान यांनी राजीनामा दिला हे कळलं, पण त्यांना मिळालं काय? म्हणजे राजीनामा दिला नसता तर ते कुठपर्यंत गेले असते?" मी त्याला तेव्हा काहीतरी उत्तर दिलं पण ते उत्तर माझं मलाच पटलं नाही. नंतर दोन-तीन रविवार ह्यातच गेले, आणि शेजारच्या रिटायर्ड वकील काकांशी बराच वाद पण झाला. तेच सगळं इथे लिहितेय, नीट, सुरुवातीपासून, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतःचं मत बनवता येईल.

आणखी एक कारण आहे लिहायचं. माझ्या आत्याने ह्याच शहरात पोटगीसाठी कोर्टाच्या चकरा मारल्यात. आम्ही हिंदू, तिचं लग्न वेगळ्या कायद्याखालचं, पण पोटगीचा अर्ज तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या त्याच कलम १२५ खाली होता ज्याच्याखाली शाहबानोचा होता. त्यामुळे हे कलम माझ्यासाठी पुस्तकातलं नाहीये. तारखेला जाताना आत्या डबा घेऊन जायची आणि तो तसाच परत आणायची, एवढंच मला लहानपणचं आठवतं.

खटला

शाहबानो बेगम यांचं लग्न १९३२ चं. नवरा इंदूरमधला वकील, चांगली प्रॅक्टिस असलेला. तीन मुलगे, दोन मुली. १९७५ मध्ये नवऱ्याने घराबाहेर काढलं, म्हणजे संसाराला त्रेचाळीस वर्षं झाल्यावर. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी इंदूरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात कलम १२५ खाली महिना ५०० रुपये पोटगी मागितली. ५०० च का, तर तेव्हा त्या कलमाची कमाल मर्यादाच ५०० होती, त्याच्या वर कोणालाच मिळू शकत नव्हतं (ही मर्यादा पुढे थेट २००१ मध्ये उठली). नोव्हेंबर १९७८ मध्ये नवऱ्याने तलाक दिला आणि कोर्टात सांगितलं की आता ही माझी बायको नाही, इद्दतपुरतं (तलाकनंतरचे साधारण तीन महिने) दिलंय, मेहेरचे (लग्नात बायकोला कबूल केलेल्या रकमेचे) ३००० रुपये कोर्टात भरलेत, माझी जबाबदारी संपली. त्या वेळी शाहबानोंचं वय ६२ च्या आसपास होतं.

ऑगस्ट १९७९ मध्ये मॅजिस्ट्रेटने पोटगी मंजूर केली. महिना २५ रुपये. नवऱ्याचं उत्पन्न वर्षाला ६०,००० च्या आसपास असल्याचं बाईंचं म्हणणं होतं आणि मिळाले पंचवीस. मध्य प्रदेश हायकोर्टाने जुलै १९८० मध्ये ती वाढवून १७९ रुपये २० पैसे केली. मी हे वीस पैसे फळ्यावर मुद्दाम लिहिते, कारण ज्याच्यावरून पुढे संसद हलली, मंत्री गेले, देशभर मोर्चे निघाले, ती मूळ रक्कम किती होती हे पोरांच्या डोळ्यासमोर राहावं असं मला वाटतं.

नवरा सुप्रीम कोर्टात गेला. तिथे प्रकरण पाच जजांसमोर आलं आणि २३ एप्रिल १९८५ ला निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड, आपले पुण्याचे. अपील फेटाळलं गेलं. कोर्ट म्हणालं की कलम १२५ हे धर्म न बघता लागू होतं, ज्या बाईला स्वतःचा सांभाळ करता येत नाही तिला नवऱ्याने पोटगी द्यायचीच, तलाक झाला असला तरी. इथपर्यंत थांबले असते तर कदाचित एवढा गदारोळ झालाही नसता, कारण त्याच्या आधी पण सुप्रीम कोर्टाने असे दोन निकाल दिले होतेच. पण ह्या निकालात कुराणातल्या आयतींचा अर्थ लावला गेला आणि वर समान नागरी कायद्याचं कलम ४४ हे मृत अक्षर होऊन पडलंय असंही म्हटलं गेलं. त्यामुळे मुस्लिम समाजातल्या बऱ्याच लोकांना, ज्यांचा एका म्हाताऱ्या बाईला चार पैसे मिळण्याला विरोध नव्हता अशांनाही, वाटलं की आता कोर्ट आमचा धर्म आम्हाला शिकवतंय. वकील काका तर म्हणतात की तो भाग लिहायची गरजच नव्हती. मला निकाल बरोबर वाटतो, पण काकांचं हे म्हणणंही मला खोडता आलेलं नाही.

तेवीस ऑगस्ट

आता आरिफ मोहम्मद खान. जन्म १९५१, बुलंदशहर. अलिगढ विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष होते, पंचविशीत १९७७ मध्ये आमदार, मग काँग्रेसमध्ये, १९८० मध्ये कानपूरचे खासदार, इंदिरा गांधींच्या सरकारात उपमंत्री, १९८४ मध्ये बहराइचचे खासदार आणि राजीव गांधींच्या सरकारात राज्यमंत्री. हे सगळं वयाच्या तेहतिसाव्या वर्षापर्यंत! उत्तर प्रदेशातला तरुण, शिकलेला, उत्तम बोलणारा मुस्लिम नेता आणि पक्षाकडे लोकसभेत ४०० च्या वर खासदार. अशा माणसासाठी वरचा रस्ता मोकळाच होता असं म्हणायला हरकत नाही, कॅबिनेट तर नक्कीच, पुढचं कोणी सांगावं.

१९८५ मध्ये मुस्लिम लीगचे खासदार जी. एम. बनातवाला यांनी खाजगी विधेयक, म्हणजे सरकारचं नसलेलं, खासदाराचं स्वतःचं, आणलं होतं, की कलम १२५ मुस्लिमांना लागू नको. त्यावर २३ ऑगस्टला आरिफ मोहम्मद खान सरकारच्या बाजूने उभे राहिले आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालाची बाजू घेऊन लांब भाषण केलं. धर्मग्रंथांच्याच आधाराने बोलले, की टाकून दिलेल्या बाईची सोय लावणं हे इस्लामच्या विरुद्ध कसं असेल. त्यांनी नंतर अनेकदा सांगितलंय की हे भाषण राजीव गांधींच्या सांगण्यावरूनच होतं आणि भाषणानंतर त्यांचं कौतुकही झालं.

ही गोष्ट माझ्या दृष्टीने ह्या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. आपण आता मागे वळून बघताना त्यांना एकदम बंडखोर समजतो, पण त्या दिवशी ते बंड नव्हतंच, ते सरकारची लाइन मांडत होते, एका कर्तबगार राज्यमंत्र्याने जे करायचं असतं तेच. महत्त्वाकांक्षा आणि मन दोन्ही एकाच बाजूला होतं. लाइन बदलली ती नंतर, आणि ते मात्र ज्या जागी उभे होते तिथेच राहिले.

लाइन का बदलली

निकालाविरुद्ध मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने जोर धरला होता, मोठमोठ्या सभा होत होत्या. नोव्हेंबरमध्ये तर खुद्द शाहबानोंच्या अंगठ्याचं एक पत्र उर्दू पेपरात छापून आलं, की मला हा निकाल नको. जिंकलेल्या बाईने स्वतःच्या विजयाला नको म्हणायचं, सत्तरीच्या जवळ आलेल्या बाईने! किती दबाव असेल तिच्यावर, हा विचार मला ह्या प्रकरणातला सगळ्यात जड वाटतो, आणि सगळ्यात कमी लोक त्यावर बोलतात.

डिसेंबर १९८५ मध्ये पोटनिवडणुका झाल्या आणि काँग्रेसला फटका बसला. बिहारमधल्या किशनगंजला सय्यद शहाबुद्दीन निवडून आले, जे निकालाच्या विरोधात सगळ्यात पुढे होते. एका वर्षापूर्वी चारशे जागा जिंकलेला पक्ष, त्याला एका पोटनिवडणुकीने एवढं घाबरायचं कारण नव्हतं असं आपल्याला आज वाटतं, पण आकडा कितीही मोठा असला तरी जी मतं आपण वर्षानुवर्षं गृहीत धरून बसलोय ती हलली की पक्षात धावपळ होतेच, हे इंदूरमधल्या नगरसेवकाला विचारलं तरी तो सांगेल. त्याच्या आसपासच सरकारमधले दुसरे एक मंत्री, झियाउर रहमान अन्सारी, लोकसभेत निकालाच्या विरुद्ध बोलले. म्हणजे एकाच सरकारचे दोन मंत्री, एकाच सभागृहात, तीन महिन्यांच्या अंतराने, एकमेकांच्या बरोबर उलट. दुसऱ्याला कोणी थांबवलं नाही म्हटल्यावर पहिल्याने जे समजायचं ते समजून घ्यायचं असतं.

मग १ फेब्रुवारी १९८६ ला अयोध्येतल्या वादग्रस्त बाबरी मशिदीचं कुलूप उघडलं गेलं आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला लोकसभेत मुस्लिम महिला विधेयक आलं. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात. त्यांचा संबंध किती आणि कसा ह्यावर लोक अजून भांडतात, मी त्यात शिरत नाही, पण लोकांनी त्या जोडीनेच वाचल्या, आणि राजकारणात शेवटी लोक काय वाचतात त्याचाच परिणाम होतो.

विधेयकात असं होतं की तलाकनंतर नवऱ्याने इद्दतच्या काळात, म्हणजे साधारण तीन महिन्यांत, वाजवी तरतूद आणि पोटगी द्यायची. त्यानंतर बाईला सांभाळता येत नसेल तर तिच्या वारस लागणाऱ्या नातेवाइकांनी, आणि तेही नसतील तर वक्फ बोर्डाने, म्हणजे मुस्लिम धर्मादाय मालमत्ता बघणाऱ्या मंडळाने. कलम १२५ लागायचं ते दोघांनीही, नवरा आणि बायको, तसं लिहून दिलं तरच. कुठला नवरा लिहून देणार होता?

आरिफ मोहम्मद खान यांनी लगेच राजीनामा दिला. काँग्रेसने व्हिप, म्हणजे खासदारांना पक्षाच्या बाजूनेच मत द्यायचा आदेश, काढला, मे महिन्यात विधेयक पास झालं, १९ मे १९८६ ला कायदा झाला.

खुर्ची गेली, आणि परत पण आली

आता त्या मुलाचा प्रश्न. सगळे असं सांगतात की राजीनाम्याने त्यांचं करिअर संपलं. वर्षं नीट लावून बघितली की ते तसं दिसत नाही. १९८७ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंगांबरोबर ते काँग्रेसच्या बाहेर होते, जनमोर्चात होते, मग जनता दलात. १९८९ मध्ये त्याच बहराइचमधून निवडून आले आणि ह्या वेळी थेट कॅबिनेट मंत्री झाले. म्हणजे राजीनामा दिल्यावर चार वर्षांच्या आत आधीपेक्षा मोठी खुर्ची मिळाली, आणि मिळाली ती राजीनाम्यामुळेच, कारण त्या राजीनाम्याने त्यांना तत्त्वासाठी पद सोडणारा माणूस असं नाव दिलं होतं आणि १९८९ ची हवा अशा नावाची होती. इथे थांबलं तर गोष्ट छान वाटते. मी त्या मुलाला पहिल्यांदा हेच उत्तर दिलं होतं.

पण पुढे बघा. १९९० मध्ये ते सरकार गेलं. परत लोकसभेत आले ते १९९८ मध्ये, बहुजन समाज पक्षातर्फे. २००४ मध्ये भाजपतर्फे कैसरगंजहून उभे राहिले आणि हरले. २००७ मध्ये भाजपही सोडला. त्यानंतर बारा वर्षं काहीच पद नाही. काँग्रेस, जनता दल, बसपा, भाजप. एवढ्या ताकदीचा माणूस आणि कुठेच घर नाही.

का? माझं मत असं बनलंय की १९८६ च्या कायद्याने त्यांचं जे नेलं ते मंत्रिपद नव्हतं, ते भरून निघालं. नेलं ते त्यांचा स्वतःचा, न सांगता मागे येणारा मतदार. उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम नेत्याकडून पक्षांची एकच अपेक्षा असायची, की तू समाजाची मतं आण. आणि समाजातल्या धार्मिक नेतृत्वाने तर ह्यांना कायमचं परकं ठरवलं होतं. जिथे स्थानिक हवा चांगली तिथे ते निवडून यायचे, बहराइच त्याचंच उदाहरण आहे, पण मोठ्या पदावर दावा सांगायला जो पाठीमागे उभा असलेला गट लागतो तो कधी उभा राहिला नाही. दुसऱ्या बाजूला ज्यांना त्यांचं भाषण आवडलं त्यांना ते भाषणच आवडलं होतं. शाहबानोचा विषय निघाला की ह्यांना बोलवायचे, विषय संपला की संपलं. महागाईवर, शेतीवर, विजेवर ह्या माणसाचं म्हणणं काय आहे हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही, आणि हा माणूस देशाचा ऊर्जामंत्री राहिलेला आहे!

काका ह्यावर भडकले. म्हणाले, "अगं, चार पक्ष बदलले की कोणाचंही असंच होतं, त्यात कायद्याचा काय संबंध? तू सगळं त्या एका दिवसाला चिकटवतेस." मुद्दा खरा आहे. पक्ष बदलणं हे पण कारण आहेच. पण मग ते पक्ष बदलावे का लागले, हे विचारलं की गाडी परत फेब्रुवारी १९८६ ला येऊन थांबते. पहिलं घर सुटलं नसतं तर बाकीची तीन शोधावी लागली असती का? काका म्हणाले, कदाचित काँग्रेसमध्ये राहूनही काही झालं नसतं.

आणि इथे काका जिंकले, मान्य करते. १९८९ च्या डिसेंबरनंतर आजपर्यंत उत्तर प्रदेशात काँग्रेसचा मुख्यमंत्री झालेला नाही. तिथली काँग्रेस मंडल (ओबीसी आरक्षण) आणि मंदिर (अयोध्या) ह्यांच्या राजकारणामध्ये चेपली गेली. आरिफ मोहम्मद खान गप्प राहिले असते, व्हिप पाळला असता, तरी १९८९ नंतर ज्या जहाजात बसून राहायचं ते बुडतच होतं. जे अन्सारी सरकारात राहिले, कायद्याच्या बाजूने बोलले, त्यांची उन्नावची सीट १९८९ मध्ये जनता दलाने घेतली. आणि जे शहाबुद्दीन निकालाला विरोध करून किशनगंजहून निवडून आले, परराष्ट्र सेवेतून आलेला अत्यंत हुशार माणूस, ते पुढे खासदार झाले पण केंद्रात मंत्री कधी झाले नाहीत. देशासाठी ते शेवटपर्यंत शाहबानो आणि बाबरी ह्या दोनच विषयांचे राहिले.

हे तिघे शेजारी ठेवून बघितले तेव्हा मला ते दिसलं जे आधी दिसलं नव्हतं. कायद्याच्या बाजूचा, विरोधातला, आणि कायद्याची मागणी करणारा, तिघांवरही तोच शिक्का बसला आणि तिघांनाही त्या शिक्क्याच्या बाहेर जाता आलं नाही. मुस्लिम राजकारण्याला देशाचा नेता व्हायचं असेल तर त्याला समाजाच्या प्रश्नाच्या बाहेर पडून बोलता आलं पाहिजे, आणि ह्या कायद्याने तिघांनाही त्याच प्रश्नात कोंडून घातलं. ह्याचं मला फार वाईट वाटतं, कारण तिघांपैकी एकजण तरी योग्य बोलत होता आणि त्यालाही वेगळा न्याय मिळाला नाही.

ज्यांनी कायदा केला त्यांचं

राजीव गांधींचं थोडक्यात. कायदा मतं टिकवायला केला असं सगळेच म्हणतात. १९८९ मध्ये काँग्रेस १९७ वर आली. त्यात बोफोर्स तोफांच्या लाचेचा आरोप होता, विश्वनाथ प्रताप सिंग होते, बरंच काही होतं, फक्त ह्या कायद्याने हरले असं म्हणणं चूक आहे. पण ज्या मतांसाठी केला ती पण टिकली नाहीत आणि जी मतं ह्या कायद्याने चिडली ती दुसरीकडे गोळा झाली, भाजप दोनवरून ८५ वर गेला. घाईत केलेल्या दुरुस्तीने दोन्हीकडचं गेलं.

आपल्या इंदूरमध्ये त्याच निवडणुकीत काय झालं ते मराठी घरांना वेगळं सांगायला नको. प्रकाशचंद्र सेठी, माजी मुख्यमंत्री, देशाचे माजी गृहमंत्री, एवढा मोठा माणूस सुमित्राताई महाजनांकडून हरला. चिपळूणची मुलगी, इंदूरची सून, आणि तिथून पुढे सलग आठ वेळा, शेवटी लोकसभेच्या अध्यक्षपदापर्यंत. आमच्या घरी अजून त्या दिवसाचं बोलणं निघतं. ताई शाहबानोच्या मुद्द्यावर जिंकल्या असं मी अजिबात म्हणत नाही, त्यांचं वॉर्डावॉर्डातलं काम होतं, त्या उपमहापौर राहिल्या होत्या. पण हवेचा जो झोत १९८९ मध्ये काँग्रेसच्या जुन्या लोकांना उडवून गेला त्याच्यात ह्या शहरातून सुरू झालेल्या एका पोटगीच्या अर्जाचाही वारा होता, एवढं मी म्हणेन. एकाच प्रकरणाने एकाची चढण थांबली आणि त्याच हवेत दुसरीची सुरू झाली. ताईंकडे घर होतं, पक्ष होता, गल्ली होती, जे आरिफसाहेबांकडे राहिलं नव्हतं. मोठ्या पदाचा विषय निघाला की मला हीच तुलना सुचते.

कायद्याचं पुढे काय झालं

हा भाग पोरांना परीक्षेत विचारतात म्हणून मी नेहमी घाईत शिकवायची, आता तसं करणार नाही. शाहबानोंचे सुप्रीम कोर्टातले वकील दानियल लतीफी यांनी त्या कायद्यालाच आव्हान दिलं. २००१ मध्ये निकाल आला. कोर्टाने कायदा रद्द केला नाही, पण त्यातल्या शब्दांचा अर्थ असा लावला की इद्दतच्या आत नवऱ्याने जी वाजवी तरतूद करायची ती त्या तीन महिन्यांपुरती नसून बाईच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा विचार करून करायची, फक्त द्यायची तीन महिन्यांच्या आत. म्हणजे ज्या कायद्याने नवऱ्याला मोकळं करायचं होतं त्याच कायद्याखाली त्याला एकरकमी मोठी रक्कम द्यायची वेळ आली. २००९ मध्ये शबाना बानो यांच्या केसमध्ये, जी आपल्या ग्वाल्हेरच्या फॅमिली कोर्टातून वर गेली होती, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पुन्हा लग्न होईपर्यंत कलम १२५ खाली पोटगी मागता येते. आणि जुलै २०२४ मध्ये तेलंगणाच्या एका प्रकरणात परत स्पष्ट केलं की १९८६ चा कायदा असला तरी कलम १२५ चा रस्ता बंद होत नाही, कुठला घ्यायचा ते बाईने ठरवावं.

म्हणजे आरिफ मोहम्मद खान २३ ऑगस्ट १९८५ ला जे बोलले होते तिथे कोर्ट परत येऊन पोचलं, त्याला सोळा ते एकोणचाळीस वर्षं लागली. शाहबानो १९९२ मध्येच गेल्या. त्यांना ह्यातलं काहीच बघायला मिळालं नाही.

आणि आरिफ मोहम्मद खान? २०१९ मध्ये तिहेरी तलाकचा कायदा झाला, शाहबानोचा विषय संसदेत पुन्हा गाजला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते केरळचे राज्यपाल झाले. २०२२ मध्ये उपराष्ट्रपतीपदासाठी त्यांचं नाव बातम्यांमध्ये फिरलं पण झालं नाही. जानेवारी २०२५ मध्ये बिहारचे राज्यपाल झाले. हे मोठं पद आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण ते नेमणुकीचं पद आहे, निवडून आलेलं नाही, आणि तेही राजीनाम्यानंतर ३३ वर्षांनी त्याच एका भाषणाच्या जोरावर मिळालं असं मला वाटतं. १९८६ मध्ये ज्या शिक्क्याने दारं बंद केली त्याच शिक्क्याने २०१९ मध्ये एक दार उघडलं. शिक्का तोच. त्या माणसाला दुसरं काही बनायची संधी मात्र मधल्या काळात निघून गेली होती.

मागच्या गुरुवारी तो मुलगा परत भेटला. मी त्याला हे सगळं सांगितलं, वर्षांसकट. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे मॅडम, त्यांनी राजीनामा दिला नसता तर पण मोठे झाले नसते, आणि दिला तर पण झाले नाहीत. मग दिला ते बरंच केलं ना?" मी त्याला म्हटलं की हे गणित त्यांना त्या दिवशी माहीत नव्हतं, त्यांच्यासमोर फक्त चारशे खासदारांचा पक्ष होता आणि समोर ठेवलेलं विधेयक होतं.

मग त्यानेच विचारलं की असं आधी कोणी केलंय का, बायकांच्या हक्काच्या कायद्यावरून मंत्रिपद सोडणं. मी म्हटलं, अरे महूला कधी गेलायस का? इथून तासाभराच्या रस्त्यावर जन्मलेल्या माणसाने सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडलं, त्यात हिंदू कोड बिल, म्हणजे हिंदू बायकांना लग्न आणि वारशात हक्क देणारं विधेयक, अडवलं जाणं हे मोठं कारण होतं, आणि पुढच्याच वर्षी बाबासाहेब मुंबईतून लोकसभेला हरले, १९५४ मध्ये भंडाऱ्यालाही हरले. बिलाचे तुकडे करून ते पास झालं १९५५ आणि ५६ मध्ये. त्यातल्याच एका कायद्याचा आधार माझ्या आत्याला होता.

पुढच्या रविवारी पूर्ण बॅच महूला घेऊन जातेय, जन्मभूमीवर. सकाळी सातला भंवरकुआंहून बस आहे, तो मुलगा यादी करतोय.